पहिली बॅच

कामोठ्यात म्हातारं कसं व्हायचं, हे दाखवायला आमच्या आधी इथे कुणी नव्हतं. दादरला, सांगलीला, पुण्याच्या पेठांत ही सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. साठी उलटली की कुठल्या कट्ट्यावर बसायचं, कुणाच्या दुकानाच्या पायरीवर फुकट पेपर वाचायचा, कुणाशी कायमचं वाकडं धरायचं, हे तिथे आपोआप कळतं. आजोबांची शिसवी काठी वडिलांकडे येते, वडिलांची आपल्याकडे. कामोठ्यात काठीसुद्धा नवी विकत आणावी लागते. ती मेडिकलवाल्याकडे मिळते, अॅल्युमिनियमची, खाली चार पाय असलेली, आणि तिच्यावर दहा टक्के सूट असते.

नवी मुंबई आणि तिच्यातलं आमचं कामोठं वसवणारी सिडको स्थापन झाली १७ मार्च १९७० ला. म्हणजे आमच्यातले बहुतेक जण सिडकोपेक्षा वयाने मोठे. हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली १९९८ साली, आणि मग लालबाग-परळच्या, घोडपदेवच्या, घाटकोपरच्या खोल्यांतून माणसं मानसरोवर आणि खांदेश्वर स्टेशनांवर उतरू लागली. परवडणारा फ्लॅट, दोन्ही वेळा पाणी आणि स्वतःचा संडास, एवढ्या तीन गोष्टींवर लोकांनी गाव बदललं. सगळे पस्तिशी-चाळिशीतले. शाळेत जाणारी पोरं, कर्जाचे हप्ते, सकाळची ठरलेली लोकल. आख्ख्या सेक्टरात एखादा म्हातारा दिसला तर तो कुणाकडे तरी गावाहून आलेला असायचा, आणि आठवडाभरात कंटाळून परत जायचा. इथे कुणी म्हातारं होणार आहे, ही शक्यता नकाशा काढणाऱ्यांच्या डोक्यातच नव्हती. पुरावा हवा असेल तर आमचे जिने बघा.

तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. चौथा मजला तेव्हा थोडा स्वस्त होता. हवा छान येते, डास एवढ्या वर येत नाहीत, असं बिल्डरने सांगितलं होतं. हवा येते. डासही येतात, आणि त्यांना जिना चढावा लागत नाही. आम्हाला लागतो. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या माणसाचं आयुष्य आता एखाद्या मोहिमेसारखं आखलेलं असतं. सकाळी उतरायचं ते दूध, पेपर, बँक, रक्ताचा रिपोर्ट, चपलेचा अंगठा आणि कोथिंबीर असं सगळं उरकूनच वर यायचं. कागदावर यादी असते. वर पोचल्यावर चष्मा लावून यादी वाचली की कोथिंबीर राहिलेली असते.

यावर आमच्या इमारतीतल्या काकूंनी चाळीतला जुना उपाय बाहेर काढला. दोरीला बांधलेली टोपली. भाजीवाला खालून ओरडतो, वरून टोपली उतरते, टोपलीत पैसे, टोपलीत मेथी. आता पैसे मोबाइलवरून जातात, त्यामुळे टोपली रिकामीच उतरते. भाजीवाल्याला पैसे पोचले की नाही याचा निकाल मात्र अजून तोंडानेच लागतो. तो खालून ‘आले’ म्हणतो, काकू वरून ‘किती आले?’ विचारतात, आणि मधल्या तीन मजल्यांना काकूंचा आजचा खर्च कळतो.

लिफ्ट बसवावी, असा ठराव दर वार्षिक सभेत येतो. इमारतीच्या बाहेरून लिफ्टचा मनोरा जोडता येतो, अशा लिफ्ट इतरत्र बसल्याही आहेत. अडचण तांत्रिक नाही, तात्त्विक आहे. तळमजल्यावाले विचारतात, आम्ही वर्गणी का द्यायची? पहिला मजला म्हणतो, आम्हाला फार तर अर्धी लागू आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदाने मजल्यागणिक हिशेबाचं कोष्टकच करून आणलं. ते सगळ्यांना पटलं, म्हणजे चौथ्या मजल्याला सोडून. गेल्या सभेत चौथ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी तळमजल्याला विचारलं, ‘मग पापड वाळवायला गच्चीवर जाता ते कुठल्या कोष्टकात बसवायचं?’ सभा तिथेच तहकूब झाली. चहा मात्र तळमजल्यानेच पाजला.

तर अशी आमची पहिली बॅच. आता बसायचं कुठे? गावाला पार असतो, चाळीला गॅलरी असते. आम्हाला मिळालं तळमजल्याच्या घरांशेजारचं स्टिल्ट पार्किंग. गाड्या कामावर गेल्या की तिथे सावली उरते, तेलाचे काळे डाग उरतात आणि वारा खेळता असतो. जुन्या कुठल्यातरी पूजेसाठी आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या तिथे भिंतीला एकात एक घालून ठेवलेल्या असायच्या. त्या एकेक करून खाली उतरल्या आणि आम्ही त्यांत. या खुर्च्यांना मानपान आहे. निळी, हातांची, ही जुळारी अप्पांची. पाठीला भोकं असलेल्या दोन, त्या ज्याला उन्हाळ्यात घाम जास्त येतो त्याला. एका खुर्चीचा मागचा पाय चिरलेला आहे, त्याला सुतळी गुंडाळली आहे. ती नव्याने निवृत्त झालेल्या माणसाला देतात. तिच्यावर बसायचं तर सरळ बसावं लागतं आणि फार हातवारे करता येत नाहीत. नवीन निवृत्त माणसाला दोन्ही गोष्टींची गरज असते. तो अजून ऑफिसातलं काहीतरी सांगत असतो.

जुळारी अप्पा चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यातून निवृत्त झाले. खिळे जुळवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, उलटं वाचायचं आणि ओळीत बसवायचं. त्यामुळे त्यांना अजूनही टेबलाच्या पलीकडच्या माणसासमोरचा कागद वाचता येतो. दवाखान्यात हे फार उपयोगी पडतं. डॉक्टर लिहीत असतानाच अप्पा समोरून वाचून घेतात आणि औषधाचं नाव त्यांच्या आधी उच्चारतात. पण त्याच खिळ्यांनी त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून टाकल्या, असं त्यांचं ठाम मत आहे. ते दर नोव्हेंबरात सिद्ध होतं.

नोव्हेंबर हा पेन्शनरांचा परीक्षेचा महिना. आपण जिवंत आहोत, हे सांगायला जायचं. स्वतः चालत गेलेलं, रांगेत उभं राहिलेलं, पंखा का बंद आहे म्हणून भांडलेलं पुराव्यात धरत नाहीत. २०१४ च्या नोव्हेंबरपासून हयातीचा दाखला डिजिटल निघू लागला, आणि तेव्हापासून माणसाने आपण आहोत हे आपल्या अंगठ्याकडून वदवून घ्यायचं असतं. अप्पांनी काचेवर अंगठा ठेवला. यंत्राने लाल दिवा लावला. काउंटरवरच्या मुलीने ओला रुमाल दिला. अंगठा पुसला, लाल. दुसरा अंगठा, लाल. मग एकेक बोट. रांगेतून सल्ले सुरू झाले. कुणी खोबरेल तेल म्हणालं, कुणी कपाळावर घासा म्हणालं. मागच्या एका आजींनी आपले तळवे पुढे करून सांगितलं की भांडी घासून घासून त्यांच्याही रेषा गेल्यात, त्यामुळे ज्योतिषीसुद्धा त्यांना काही सांगत नाही. मुलगी बिचारी चांगली होती. ती म्हणाली, ‘आजोबा, चेहऱ्यावरून करू या.’ ही सोय २०२१ मध्ये आली. फोन समोर धरायचा आणि पडद्यावर सूचना आली की डोळे मिचकवायचे. अप्पांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच करून घेतलं होतं आणि डोळ्यांना ताण द्यायचा नाही, हे त्यांनी फार मनावर घेतलं होतं. ते टक लावून पाहत राहिले. शेवटी अप्पांच्या सौ. मागून म्हणाल्या, ‘अहो मिचकवा की! लग्नाआधी चौपाटीवर कसे मिचकवत होतात!’ रांग हसली, अप्पा लाजले, डोळे आपोआप मिटले-उघडले, आणि सरकारदरबारी अप्पा आणखी वर्षभर हयात झाले.

मोतीबिंदूवरून आठवलं. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट होत जातं आणि ते इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. नवं भिंग बसवलं की एका दिवसात जग पांढरं आणि निळं होतं. अप्पांना घरी आल्यावर कळलं की हॉलच्या भिंती मलई रंगाच्या नसून पांढऱ्या आहेत. रंगाऱ्याने चुकीचा रंग दिला म्हणून त्यांनी त्याचे थोडे पैसे कापून घेतले होते. रंगारी आता कुठे आहे कुणास ठाऊक.

आमच्या पार्किंगमधल्या गप्पांत विशेषनामं जवळजवळ नसतातच. ती हळूहळू गळून गेली. तरी गप्पा अडत नाहीत. परवाचंच ऐका.

‘काल टीव्हीवर तो लागला होता.’

‘कुठला?’

‘अरे तो, साखर कारखान्याचा. दारू पिणारा मास्तर असतो बघ त्यात.’

‘हां, डॉक्टर!’

‘डॉक्टर नाही रे, मास्तर.’

‘मास्तरचं काम डॉक्टर करतो ना!’

‘ते झालंच. पण समोर तो कारखानदार. तो बेरकी.’

‘तो? काय माणूस होता! काय नाव त्याचं?’

इथे सगळे थांबले. सिनेमा ‘सामना’, १९७५ चा, हे कुणाला तरी आठवलं. डॉक्टर म्हणजे श्रीराम लागू, हेही निघालं. ते खरोखरचे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, अशी पुरवणीही जोडली गेली. पण कारखानदाराचं नाव येईना. ‘फ’ने सुरू होतं, एवढ्यावर एकमत झालं. फडके झाले, फाटक झाले, फणसळकर नावाचे कुणाचे तरी जुने साहेबही येऊन गेले. मोबाइलमध्ये बघायचं नाही, हा आमचा नियम आहे. तो मोडला तर गप्पांना काय उरेल? त्यामुळे नाव न सापडताच सगळे जेवायला गेले.

रात्री पावणेतीनला एका सदस्याला जाग आली. ज्या कारणासाठी या वयात जाग येते त्याच कारणासाठी. परत येताना अचानक नाव आठवलं. सकाळपर्यंत विसरू नये म्हणून त्यांनी तेवढंच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. ‘निळू फुले.’ पुढे-मागे काही नाही. पहाटे साडेपाचला पहिले जोडलेले हात आले. सहाला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. सातपर्यंत एका पर्वाचा अंत झालेला होता, अभिनयाचा बादशहा हरपलेला होता आणि एकाने तर बातमी आत्ताच टीव्हीवर पाहिल्याचंही कळवलं होतं. आठ वाजता कुणाच्या तरी नातीने लिहिलं की ते २००९ मध्येच गेले. यावर ज्यांनी सर्वांत मोठं पुष्पचक्र टाकलं होतं ते म्हणाले, ‘मग? श्रद्धांजलीला काय मुदत असते?’

बायकांना हे पहिल्या बॅचचं वगैरे काही अडलं नाही. पुरुष पार शोधत बसले, त्यांनी थेट भजनी मंडळ काढलं. मंगळवारी एका घरी, एकादशीला दुसऱ्या घरी, मार्चमध्ये गच्चीवर कुरडया, पावसाच्या तोंडाला सुक्या मासळीची वर्गणी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून मंडळाने जी पाली, महड, आळंदी अशी दौड मारली आहे, ती पाहता वय झालं हे त्यांना अजून कुणी कळवलेलं नसावं.

महापालिकेने मात्र आमची दखल जन्मापासूनच घेतली आहे, निदान तारखेपुरती. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. तिला महापालिका म्हणून बढती मिळाली १ ऑक्टोबर २०१६ रोजी, म्हणजे एकशे चौसष्टाव्या वर्षी, आणि त्यात कामोठंही आलं. १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा आंतरराष्ट्रीय दिवस. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९० मध्ये ठरवून दिला होता. आता हा मुहूर्त कुणी मुद्दाम साधला असेल असं वाटत नाही, पण अप्पांना तो फार आवडतो. एकशे चौसष्टाव्या वर्षी बढती मिळू शकते, हा मुद्दा ते सूनबाईंसमोर वारंवार मांडतात. नेमकं काय सुचवायचं असतं ते कुणाला कळलेलं नाही.

या सगळ्या नवखेपणाला एक अपवाद आहे, आणि तो आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर राहतो. सेक्टरांच्या मधोमध कामोठे गाव आहे, गावठाण. तिथले एक आगरी बाबा संध्याकाळी फिरत फिरत आमच्या पार्किंगपर्यंत येतात. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, ताठ पाठ. आमची इमारत साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर आहे. नवी मुंबईसाठी जमिनी संपादित झाल्या, मग जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच माणसं गेली, आणि त्यातून पुढे शेतकऱ्याला साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. आम्ही ज्याला कोपऱ्यावरची बिल्डिंग म्हणतो, तिच्याखाली हा एवढा मजकूर आहे. बाबा तो सांगत नाहीत. ते फक्त वॉचमनच्या केबिनकडे बोट करतात आणि म्हणतात, ‘हितं बांध व्हता. पलीकडं खाडीचं पाणी.’ मग सुतळीच्या खुर्चीवर बसतात. कुणी सांगूनही दुसरी घेत नाहीत, आणि ती त्यांच्याखाली कधी करकरत नाही.

बाबांना म्हातारपणाचा सराव आहे. त्यांचा बाप आणि आजा एकाच ओट्यावर, एकाच खांबाला टेकून म्हातारे झाले. त्यांना जिना नाही, हयातीचा दाखला नाही, गावात सगळे त्यांना ओळखतात. आमच्याकडे ते जरा कुतूहलाने बघतात. परदेशी पक्षी खाडीत उतरले की बघतात तसंच. एकदा त्यांनी विचारलं, ‘तुमी समदे जागा इकून गावाला का नाय जात?’ कुणी पोरांची नावं सांगितली, कुणी डॉक्टरांची. एमजीएम हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हा मुद्दा सगळ्यांना एकदमच सुचला. बाबांनी मान डोलावली. पटलं असं काही दिसलं नाही.

हल्ली विमानंही आली आहेत. खाडीपलीकडच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. आमच्यात एक रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी आयुष्यभर लोकल उशिरा धावल्याची बोलणी खाल्ली. आता ते खुर्ची उन्हात सरकवून, घड्याळ हातात घेऊन बसतात आणि एखादं विमान त्यांनी मनाशी ठरवलेल्या वेळेला दिसलं नाही की अतिशय प्रसन्न चेहऱ्याने जाहीर करतात, ‘लेट.’

पण आमच्या बॅचला खरी ओढ विमानाची नाही, एसटीची आहे. पासष्टाव्या वर्षी तिकीट अर्धं होतं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना एसटी राज्यभर मोफत आहे. रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली ती केलीच, त्यामुळे आमची सगळी निष्ठा लाल गाडीकडे वळली. पंचाहत्तरी पूर्वी लोक टाळायचे. कामोठ्यात तिची वाट पाहतात. माथाडी तात्यांनी तर गावची जत्रा त्या वर्षी सोडून दिली, कारण जत्रा त्यांच्या वाढदिवसाच्या दोन महिने आधी येत होती. ‘अर्धं तिकीट कशाला घालवा?’ म्हणाले.

तात्या पाटण तालुक्यातले. तरुणपणी मशीद बंदराच्या वखारींत, पुढे बाजार वाशीला हलल्यावर तिथे, पाठीवर पोती वाहिली. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे, असं ते सांगतात, आणि त्यांचे खांदे बघता खोटं वाटत नाही. तेच तात्या आता पाव किलो मिरच्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर थांबतात, भिंतीला हात लावतात आणि जणू त्या मजल्यावर कुणाकडे कामच होतं अशा थाटात दाराची पाटी वाचतात. पंचाहत्तरी लागली त्याच आठवड्यात ते निघाले. कळंबोलीला मॅकडोनाल्ड्ससमोर जिथे एसट्या थांबतात तिथे आम्ही त्यांना सोडायला गेलो. हातात आधार कार्ड आधीपासून काढलेलं, पिशवीत झुणका-भाकरी, मागे बर्गरचा वास. महिनाभर राहून येतो, म्हणाले. घर उघडायचंय, कौलं बघायचीत, भावबंदांना भेटायचंय. कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट फाडून दिलं ते त्यांनी खिडकीतून आम्हाला हलवून दाखवलं.

चौथ्या दिवशी सकाळी तात्या पार्किंगमध्ये हजर. आम्ही घाबरलोच. तब्येत? ‘ठणठणीत.’ घराचं काही? ‘घर हाय तिथंच हाय.’ मग एवढ्यात कसे आलात? तात्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, ‘तिथं आता आपल्या वयाचं कोण राहिलंच नाही. जे हायत ते दिसभर गुडघ्याचं आन् शुगरचंच बोलत्यात. माणसाचं डोकं उठतं.’

मग त्यांनी तीन दिवस साठवलेलं स्वतःच्या गुडघ्याचं सुरू केलं. आम्ही सगळ्यांनी ते नीट ऐकून घेतलं, कारण पुढचा नंबर आमचा होता. मध्येच कुणीतरी विचारलं, एवढ्या लांब जाऊन तीन दिवसांत परत म्हणजे फेरी फुकटच गेली म्हणायची. तात्या म्हणाले, ‘फुकटच तर गेली. जातानाबी फुकट, येतानाबी फुकट. पुढल्या महिन्यात परत जातो.’